डाव्या हाताचं चाक

फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. मोबाइलवर 'दादा' अशी अक्षरं दिसली आणि पहिला विचार आला, आज तर मंगळवार, आज कसा काय? दादाचा फोन गुरुवारी यायचा, सकाळी अकराच्या सुमारास, अगदी ठरल्यासारखा. रिंग वाजत राहिली आणि मी, सांगायला लाज वाटते, ती वाजू दिली. उचलण्याआधी त्याच्या पार्सलबद्दल काय बोलायचं ते मला जुळवायचं होतं. 'पार्सल वाटेत अडकलंय' हे मागच्या गुरुवारी सांगून झालं होतं, सगळ्यात आधी 'मिस्त्रीनेच उशिरा पाठवलं' हे सांगून झालं होतं. आता नवीन काहीतरी लागणार होतं. चुकून दुसऱ्याच पत्त्यावर गेलं असं सांगू या, असं ठरवलं, घसा साफ केला आणि फोन घेतला. "हां दादा, बोल." पलीकडे दादा नव्हता, वहिनी होत्या. "भाऊजी... तुमचे दादा गेले हो. सकाळी चहा घेऊन अंगणात बसल्ते... कप तसाच ऱ्हायला हातात." तयार केलेलं खोटं माझ्या तोंडातच राहिलं. मी कितीतरी वेळ नुसता "हां, हां" करत होतो. समोरच्या टेबलावरचा सहकारी उठून आला आणि त्याने माझ्या हातातून फोन काढून घेतला, एवढंच त्या दिवसातलं नीट आठवतं.

दादा म्हणजे रंगनाथ, माझा सख्खा थोरला भाऊ, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. मंठ्याजवळ आमचं गाव आहे, तिथे तो आणि वहिनी राहायचे. मुलगा महेश पुण्यात नोकरीला. मी जालन्यात, नवीन जालना भागात, बियाण्यांच्या एका कंपनीत डिस्पॅच बघतो, म्हणजे कुठली पेटी कुठल्या गाडीत चढली, कुठे पोचली, कुठे अडकली, हे सांगणं हाच माझा धंदा. दिवसभर लोक फोन करून विचारतात, साहेब, आमचा माल कुठंय? आणि मी सांगतो. नोकरीच्या इतक्या वर्षांत एकाही दुकानदाराला मी पोचलेला माल 'पोचला नाही' असं सांगितलेलं नाही. सांगितलं ते फक्त सख्ख्या भावाला, आणि तेही तीन गुरुवार ओळीने.

दादाने सारं आयुष्य ट्रक चालवला. त्याची पहिली गाडी जुन्या धाटणीची, लांब नाकाची. इंजिन केबिनच्या पुढे, त्यावर गोल मोठं बॉनेट. गावात तिला नाकाडीच म्हणत. एका जिनिंगवाल्याकडून त्याने ती जुनीच घेतली होती, आणि तिच्यावर रुईच्या गाठी वाहिल्या, मोसंबी वाहिली, लोखंडाच्या सळया वाहिल्या. पुढे दोन नव्या गाड्या आल्या, धंदा चालला, मग थकला तशा त्या दोन्ही विकल्या. नाकाडी मात्र घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. विचारलं की म्हणायचा, "हिला कोन घेतंय, भंगार हाय ते." साफ खोटं. माझ्यादेखत दोन गिऱ्हाइकं आली होती आणि दादाने दोघांना चहा पाजून वाटेला लावलं होतं. दर रविवारी तिला पाणी, दर पंधरा दिवसांनी इंजिन चालू, आणि दसऱ्याला शिलंगण तिच्यातून. आमच्या घरची ही रीतच पडून गेली होती. दसऱ्याला गाडी धुवायची, स्टेअरिंगला हळद-कुंकू लावायचं, झेंडूचा हार नाकावर, आणि घरातली, शेजारची जी असतील ती माणसं मागे चढवून दादा गाडी शिवेवरच्या मारुतीपर्यंत न्यायचा. तिथे आपट्याची पानं घ्यायची, गाडीला आधी वाटायची, मग माणसांना. जेमतेम दीड-दोन किलोमीटरचं जाणं, पण वहिनी त्या दिवशी केबिनमध्ये डाव्या बाजूला बसायच्या, नवी साडी नेसून, आणि दादा भोंगा असा वाजवायचा जसं काही दिल्लीला निघालाय.

संक्रांतीनंतर दादाला अर्धांगाचा झटका आला. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं. पाय महिन्याभरात सुधारला, बोलणं सुधारलं, डावा हात मात्र मागे राहिला. अंगठा आणि तीन बोटं वळायची, करंगळी उभीच राहायची. व्यायामासाठी स्पंजाचा चेंडू दिला होता, तो पिळत बसायचा आणि वैतागायचा. "ह्या चेंडूनं काय व्हतंय? मी काय क्रिकेट खेळून राह्यलो का?" एकदा होळीच्या सुमारास मी गेलो, तर हा केबिनमध्ये बसलेला. गाडी बंद, आणि हा दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून डावा हात पुन्हा पुन्हा आवळून बघतोय. मूळचं ते स्टेअरिंग काळं, कडक, बोटाएवढं बारीक आणि जागोजागी तडकलेलं. उन्हात असं तापायचं की दादा वर्षानुवर्षं त्याला कापड गुंडाळूनच चालवायचा. मला म्हणाला, "बघ गोविंदा, उजवा बराबर धरतो. डाव्यातून निसटून राह्यलं. चाक बारीक पडतं रे. जरा जाड असतं ना, तर धरलं असतं मी." मी म्हटलं, "दादा, आता कशाला? बस की निवांत."  तो म्हणाला, "निवांत बसून काय करू? मरू?" मला हसू आलं, त्यालाही आलं, आणि विषय तिथे राहिला असं मला वाटलं.

विषय राहिला नव्हता. आठ दिवसांनी तो एसटीत बसून एकटाच जालन्याला हजर. "चल, स्टेरिंग बघायला. लाकडाचं पाहिजे." लाकडाचंच का, तर म्हणे फार वर्षांपूर्वी एका ढाब्यावर एका सरदारजीच्या ट्रकला त्याने लाकडी स्टेअरिंग पाहिलं होतं. भर मे महिन्यात, दुपारी, सरदारजीने त्याला हात लावून बघायला दिलं. "गार लागलं रे हाताला. उन्हात गार! तवापासून डोक्यात हाय." तीसेक वर्षं त्याच्या डोक्यात होतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. वहिनींना होता.

आम्ही स्टेशनकडे एका स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदार ओळखीचा होता, त्याने मालच काढून मांडला. एक होतं पितळी पट्ट्यांचं, चमचम करणारं. दादाने नख वाजवून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाला, "हे लाकूड न्हाई शेठ, लाकडाचा फोटो हाय." खरंच, प्लॅस्टिकवर लाकडाच्या नक्षीचा कागद चिकटवलेला होता. दुसरं अस्सल लाकडाचं, सुरेख पॉलिशचं, मधे तीन चकचकीत दांडे, पण लहान, मोटारीला शोभेल असं. मला तेच आवडलं. मी म्हटलं, "हेच घे, कसलं देखणं आहे." दादा स्टुलावर बसला, डोळे मिटले, ते चाक छातीसमोर धरलं आणि वळण घेतल्यासारखं फिरवलं. डोळे उघडले आणि परत दिलं. "ही वाटी हाय. माझ्या गाडीला पॉवर स्टेरिंग न्हाई बाबा. जेवढं चाक मोठं तेवढी गाडी हलकी वळते. ह्या वाटीनं वळवायची म्हणलं तर चार पैलवान लागतील." मी तरी रेटून म्हटलं, "पण दिसायला..." तो म्हणाला, "तुला भिंतीला टांगायचं हाय का मला गाडीला लावायचं हाय?" दुकानदार खो खो हसला. मला राग आला. आपण सुट्टी टाकून हिंडतोय आणि हा आपली मस्करी करतोय, असं वाटलं. परत येताना मी बोललो नाही फारसा. त्याने मात्र रसवंतीवर थांबवून मला उसाचा रस पाजला आणि म्हणाला, "चिडू नको. चाक डोळ्यानं न्हाई निवडत, हातानं निवडत असतेत."

मग माझ्या मुलीने मोबाइलवर शोधून दिलं. पंजाबच्या बाजूला एक म्हातारा मिस्त्री जुन्या ट्रकांसाठी लाकडी स्टेअरिंग हाताने बनवून देतो. त्याला चार गोष्टी पाहिजे होत्या. चाकाचा घेर, मधल्या भोकातल्या दात्यांची संख्या, लाकूड कुठलं, आणि पकड किती जाड. पहिल्या तीन गोष्टी सोप्या होत्या. घेर दादाने सुतळीने मोजून सुतळीच पाठवली, दोन गाठी मारून. दात्यांसाठी त्याने स्टेअरिंग उतरवलं, मधल्या भोकावर कागद धरून पेन्सिल घासली, दात्यांची नक्षी कागदावर जशीच्या तशी उठली. लाकूड शिसवीच हवं म्हणाला, सागवान हाताला पोकळ लागतं म्हणे, आणि वर पॉलिश नको, नुसतं तेल. राहिली पकड. ती कशी कळवणार? त्यावर त्याने जे केलं ते फक्त आमच्या दादालाच सुचावं. वहिनी कणीक मळत होत्या, त्यांच्याकडून त्याने मोठा गोळा मागून घेतला, लाटण्यासारखा लांब वळला आणि डाव्या हाताने जेवढा आवळता येईल तेवढा आवळला. वहिनी ओरडल्या, "अवं, पोळ्या करायच्या का स्टेरिंग करायचं?" पण त्यांनीच मग दुसऱ्या गोळ्यात बचकभर मीठ आणि हळद घातली, कीड लागू नये म्हणून, आणि तोही त्याने तसाच आवळला. तो पिवळा गोळा सावलीत चार दिवस वाळवला आणि मिठाईच्या पुठ्ठ्याच्या डब्यात घालून ओळखीच्या एसटी ड्रायव्हरबरोबर जालन्याला धाडला. मी स्टँडवर जाऊन डबा घेतला. उघडला तर आत माझ्या भावाचा हात. अंगठ्याची खोलगट खूण, तीन बोटांच्या तीन खाचा, आणि करंगळीच्या जागी नुसता एक ओरखडा.

मी त्याचे फोटो मिस्त्रीला पाठवले. मिस्त्रीचा निरोप आला, खाचा पाडून देतो, पण सगळीकडे एकसारख्या, डाव्या-उजव्याला सारख्याच, अशी वाकडीतिकडी मागणी कोणी करत नाही. दादाने माझ्याकडून नंबर घेतला आणि स्वतःच फोन लावला. मी समोर होतो. आपल्या मराठवाडी हिंदीत तो म्हणाला, "मिस्त्रीजी, दुनिया का हात सरीका होंगा, मेरा ऐसाच है. तुम ऐसाच बनाव." पलीकडून मिस्त्री हसला असावा. त्या दिवसापासून त्या दोघांची गट्टी जमली. आठवड्यातून एकदा तरी बोलायचे, लाकूड वाळलं का, पहिला हात घासला का, तिकडे गहू कसा आहे, इकडे पाऊस आहे का. ह्या दोघांची इतकी गट्टी आहे हे मला माहीत होतं, आणि तरी पुढे ते माझ्या लक्षात आलं नाही. माणूस खोटं बोलायला लागला की पहिल्यांदा त्याची अक्कल जाते.

पार्सल माझ्या पत्त्यावर मागवलं होतं, कारण गावी कुरिअर जात नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी ते आलं. मी घरी उघडलं. काय सांगू, त्या शिसवीचा रंग! गडद, मधूनमधून काळ्या रेषा, तेलाचा मंद वास. मोठं, वजनदार, दिमाखदार चाक. मी सोफ्यावर बसून ते धरलं तर डाव्या बाजूला आपोआप माझी बोटं त्या खाचांमध्ये गेली. दादाचा हात माझ्याहून रुंद, त्यामुळे माझी बोटं त्यात सैल पडत होती. करंगळीपाशी लाकूड जवळजवळ सपाट.  तोवर हे सगळं मला म्हाताऱ्या माणसाचा छंद वाटत होतं. चाक हातात आलं तेव्हा कळलं, हा खरंच गाडी चालवणार. हात बसणार ह्यात. मी महेशला पुण्याला फोन केला. महेश म्हणाला, "काका, प्लीज, देऊ नका पप्पांना. चाक आलं की ते दसऱ्याला गाडी काढणारच. काही झालं तर? मागे माणसं असतात, लेकरं असतात." मी म्हटलं, "मलाही तसंच वाटतंय." आमची दोघांची एकवाक्यता झाली. चाक जुन्या चादरीत गुंडाळून मी माळ्यावर टाकलं. बायको म्हणाली, "त्यांचं आहे ते, त्यांना देऊन टाका हो. चालवायचं की नाही ते नंतर भांडा." मी तिला गप्प केलं.

पण हे सगळं काळजीपोटी केलं असं लिहून मी मोकळा झालो तर तेही खोटंच होईल. काळजी होतीच. पण चाक द्यायचं तर गावी जावं लागणार, दादाच्या तोंडावर 'नाही' म्हणावं लागणार, त्याचा चढलेला आवाज ऐकावा लागणार, वहिनींची समजूत घालावी लागणार... हे सगळं माझ्या जिवावर आलं होतं. 'अजून आलं नाही' हे तीन शब्दांत भागत होतं. आणि आणखी एक गोष्ट. उन्हाळ्यात एकदा दादाने मला स्वतःहून सांगितलं होतं, "मी काय येडा न्हाई. हमरस्त्यावर न्हाई जायचो. घरापासून मारुतीपर्यंत, चालण्याच्या चालीनं. मागं कोणाला बसवायचं न्हाई. तू बाजूला बसायचं, हँडब्रेक तुझ्या हातात. मला जरा काही झालं की ओढ. मंग कशाची भीती?" म्हणजे आम्ही ज्या गोष्टींना घाबरत होतो त्या सगळ्यांचा त्याने विचार करून ठेवला होता. उपाय म्हणून त्याने मला निवडलं होतं. मी तेव्हा "बघू, बघू" म्हटलं होतं. महेशशी बोलताना हे मला आठवलं होतं. मी त्याला सांगितलं नाही.

पहिल्या गुरुवारी फोन आला. "आलं का रे?" मी म्हटलं, "नाही दादा, मिस्त्रीनेच उशिरा पाठवलंय." तो म्हणाला, "अस्सं? बरं बरं." दुसऱ्या गुरुवारी पुन्हा, "आलं का?" मी म्हटलं, "वाटेत अडकलंय कुठंतरी." तो हसला. "तू डिस्पॅचवाला ना? तुलाच कळंना व्हय कुठं अडकलं ते?" मीही हसलो, ओशाळं. तिसऱ्या गुरुवारी त्याने विचारलं आणि मी म्हटलं, "अजून तसंच अडकलंय, चौकशी करतोय."  दादाच्या मागे कोंबडी ओरडल्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, "राहू दे. चाकाची काही घाई न्हाई. तू ये ना रविवारी. चाक नसलं तरी ये... वहिनी तुझी धपाटे करील." मी म्हटलं, "बघतो, जमवतो." रविवारी मला काही काम नव्हतं. मी घरी पडून राहिलो, दुपारी झोपलो, संध्याकाळी भाजी आणली. मंगळवारी सकाळी तो गेला.

चौदावं झालं, पाहुणे पांगले, महेशने रजा वाढवून घेतली होती. नवरात्र बसलं होतं, पण आमच्या घरी सुतकाचं वर्ष, सण नाही. मी माळ्यावरून चादर काढली, कारच्या मागच्या सीटवर ठेवली आणि गावी गेलो. वहिनी शेडजवळ खाटेवर बसल्या होत्या. मी गाठोडं त्यांच्यासमोर ठेवलं आणि उभ्यानेच सांगून टाकलं. "वहिनी, हे पोळ्याच्या आदल्या दिवशीच आलं होतं. मी दादाला खोटं सांगितलं." मला वाटलं त्या रडतील, नाहीतर तोंडातून शिव्याशाप तरी निघतील. निघायला हवे होते. त्यांनी चादरीची गाठ सोडली, चाकावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "माहीत हाय भाऊजी. त्यांलाबी माहीत व्हतं."

मी तिथेच खाली बसलो. वहिनी शांतपणे सांगत होत्या. पहिल्या गुरुवारनंतर दोन दिवसांनी दादाने मिस्त्रीला फोन केला होता, उशीर का झाला म्हणून. मिस्त्री म्हणाला, पोचलं की कधीच, तुमच्या भावाची सही आहे. "फोन ठेवला आन् हसले आधी. म्हणले, बघ, गोविंदानं लपवलं. मंग जाऊन त्या केबिनमधी बसले, लई वेळ. मला असा राग आल्ता तुमचा, काय सांगू. मी म्हणलं, द्या इकडं फोन, मी इचारते त्यांला. तर मला बिलकुल लावू देईनात." मी म्हटलं, "मग मला दर गुरुवारी विचारत का होता?" वहिनी चाकाच्या त्या खाचांमध्ये बोट घालून बघत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "म्या तेच म्हणलं. तर म्हणले, आपुन 'तुला माहीत हाय' म्हणलं तर त्याला शरम वाटंल, मंग तो यायचाच न्हाई. मी इचारत जातो. एखाद्या गुरुवारी सांगंल की. घेऊन येईल आन् म्हणंल, दादा, मला भीती वाटून राह्यली. मंग मी त्याला म्हणीन, मलाबी वाटती... अस्सं म्हणायचे."

महेश शेडच्या खांबाला टेकून ऐकत होता. तो आत निघून गेला. मी मात्र तिथेच बसून राहिलो आणि बायामाणसांसारखा, लोक म्हणतात तसा, हमसून हमसून रडलो.  दादाने माझ्यासाठी दोन गुरुवार आणि एक रविवार दार उघडं धरलं, आणि मी तिन्ही वेळा त्याच्या तोंडावर लावून घेतलं. त्याला चाक मिळालं असतं आणि त्याने गाडी चालवली नसती, असंही झालं असतं. आम्ही दोघांनी घाबरत घाबरत मारुतीपर्यंत नेली असती, असंही झालं असतं. नुसतं ते मांडीवर घेऊन अंगणात बसला असता, तरी त्या मंगळवारी त्याच्या हातात कपाशिवाय आणखी काहीतरी आलं असतं. ह्यातलं काहीच झालं नाही, कारण मी रविवारी दुपारी झोपलो होतो.

दसऱ्याच्या सकाळी वहिनी म्हणाल्या, "आपल्याला सण न्हाई. गाडीला कशाचं सुतक? लावा ते चाक." मंठ्याहून दादाच्या ओळखीचा मेकॅनिक बोलावला. त्याने जुनं काळं स्टेअरिंग उतरवलं, नवं वर ठेवलं, जरासं फिरवलं आणि ते टक्कन बसलं. पेन्सिलने घासून घेतलेला एकही दाता इकडचा तिकडे नव्हता. "कोणी माप घेतलं हो? एकदम बराबर हाय," तो म्हणाला.  महेशने गाडी धुतली. वहिनींनी कुंकवाचा करंडा माझ्या हातात दिला आणि मी चाकाला हळद-कुंकू लावलं. मेकॅनिकने इंजिन चालू केलं, घरघर सुरू झाली, शेडचा पत्रा थरथरायला लागला, शेजारची माणसं दारात येऊन उभी राहिली. मेकॅनिक खाली उतरला आणि आमच्याकडे बघायला लागला, आता कोण चालवणार म्हणून. महेशने माझ्याकडे पाहिलं. मी वहिनींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "कोणी न्हाई. राहू द्या जरा वेळ चालू."

मी वळसा घालून गेलो आणि डाव्या बाजूने वर चढलो, दादाने सांगितलेल्या जागेवर बसलो. चालकाची सीट रिकामी होती, मधोमध दबलेली. चाक इंजिनाबरोबर हलकंसं थरथरत होतं, आणि त्या तीन खाचा माझ्याच बाजूला होत्या, हात लांब केला तर पोचेल इतक्या जवळ. मी तिथे हात लावला नाही. हँडब्रेकची दांडी धरली आणि इंजिन बंद होईपर्यंत घट्ट धरून बसलो. ती आधीच ओढलेली होती.